वीस मीटरवरचा वाघ

ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या कुठल्याही रिसॉर्टात मे महिन्यात रात्रीच्या जेवणाआधी एक ठरलेला कार्यक्रम चालतो. टेबलावर लॅपटॉप उघडलेले, त्यांना कार्ड रीडर लावलेले, आणि चार माणसं एका स्क्रीनवर वाकून वाघाच्या डोळ्यात बघत असतात. अख्खा वाघ कुणी बघत नाही. फोटो उघडला की पहिलं काम म्हणजे डोळा शंभर टक्के मोठा करायचा आणि निकाल द्यायचा : ‘शार्प आहे’ किंवा ‘सॉफ्ट गेला’. सॉफ्ट गेलेल्या वाघांची संख्या नेहमीच जास्त भरते. मग बोलणं लेन्सकडे वळतं. कुणाची कोणती, कितीला पडली, कुठल्या शहरात स्वस्त मिळते. ताटं वाढली जाईपर्यंत पुढच्या उन्हाळ्याआधी कोणती घ्यायची तेही ठरलेलं असतं.

अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसत आलोय आणि माझं मत एव्हाना पक्कं झालंय. त्या टेबलावर ज्या लेन्सना शिक्षा सुनावली जाते, त्यांतल्या बहुतेक निर्दोष असतात.

गुन्हा कुणाचा हे फोटोतच लिहिलेलं असतं, फक्त वाघाचा डोळा सोडून इतरत्र बघावं लागतं. वाघ पुसट, पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागचा बांबू अगदी कोरीव दिसतोय, तर फोकस चुकला. वाघ, दगड, बांबू सगळंच एका दिशेने ओढलं गेलंय आणि प्रत्येक कडा दुहेरी आहे, तर कॅमेरा हलला. मागची झाडं स्वच्छ आणि वाघाचे पुढचे पाय तेवढे विरघळलेले, तर शटर कमी पडला. आता चौथा प्रकार. वाघ पाण्याकाठी निवांत बसलाय, गाडी बंद आहे, लेन्स टेकवलेली आहे, सलग वीस फोटो घेतलेत, फोकस कुठे सरकलेला नाही. तरी त्यांतले दोन बरे आणि बाकीच्यांत प्रत्येक पट्टा वेगळ्याच तऱ्हेने वाकलेला. इथे कॅमेऱ्याचा, लेन्सचा आणि आपलाही काही संबंध नाही. तो दोष हवेचा.

हवेपासूनच सुरुवात करू, कारण ताडोबात तिच्याइतके फोटो कुणी बिघडवत नाही आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. चंद्रपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश. जंगलातलं पाणी आटतं, वाघ उरलेल्या पाणवठ्यांवर येऊन बसतात, बांबूची पानं झडून आतलं दिसायला लागतं. म्हणून साऱ्या देशातले फोटोग्राफर याच महिन्यात येतात. पण वाघ दिसण्याचा हा सगळ्यात चांगला महिना फोटो निघण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतो. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, थंड हवा खाली येते, प्रकाश या थरांतून येताना क्षणाक्षणाला थोडा थोडा वाकतो. नुसत्या डोळ्यांना हे डांबरी रस्त्यावर तेवढं दिसतं. ६०० मिलिमीटरची लेन्स मात्र वाघाबरोबर मधली हवाही मोठी करून दाखवते. यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. शटर वाढवला तर वाकडा वाघ अधिक स्पष्टपणे वाकडा दिसतो, एवढंच.

उपाय आहेत, पण ते घड्याळात आणि अंतरात आहेत. सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे. त्यानंतर तेलिया तळ्याच्या पलीकडच्या काठावर कुणी बसलेलं दिसलं, तर त्याच्या चेहऱ्यामागे न लागता तळं, काठ, सागाची उघडी झाडं आणि त्यात तेवढासा वाघ असा फोटो घ्यावा. तो छापण्यासारखा निघतो. दुपारच्या फेरीत चार वाजता उजेड सुंदर दिसतो, पण जमीन अजून भाजत असते, तेव्हा सावलीतल्या किंवा जवळच्या प्राण्यावरच भरवसा ठेवावा. आणि एक बारीक गोष्ट, जी मी भल्याभल्यांना विसरताना पाहिली आहे. सफारीच्या जिप्सीच्या बॉनेटवरून पुढचा वाघ टिपू नये. तासभर चाललेल्या इंजिनाची वाफ बरोबर लेन्सच्या समोरून वर जात असते. गाडी जरा तिरकी लावायला सांगितली तर तोच वाघ, तीच लेन्स, आणि फोटो स्वच्छ. थंडीत हेच उलट्या वाटेने घडतं. उबदार खोलीतून काढलेली लेन्स पहाटेच्या गारठ्यात आणली की हूडच्या नळीत गरम हवा अडकून बसते. गेटवर रांगेत उभं असतानाच ती बाहेर काढून निवू द्यावी.

*

हवेला जवळचा वाघ आवडतो हे खरं, म्हणून जितकं जवळ जाता येईल तितकं बरं असं वाटेल. तसं नाही. जवळ गेलं की दुसरा हिशेब आडवा येतो.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या पर्यटनविषयक सूचनांत प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. हा आकडा वाघाच्या भल्यासाठी आहे. पण प्रकाशशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तो फोटोग्राफरच्याही भल्याचा निघतो. ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ/५.६, फुल फ्रेम कॅमेरा. वाघ २० मीटरवर असेल तर साधारण अर्ध्या मीटरची खोली स्पष्ट येते. डोळ्यावर फोकस असला की नाक, मिशा, कान, मानेचा काही भाग, सगळं त्यात बसतं. तोच वाघ १० मीटरवर आला की ही खोली अर्धी होत नाही, चौथ्या हिश्शावर येते : जेमतेम १३ सेंटिमीटर. मोठ्या नराच्या नाकापासून डोळ्यापर्यंतच एवढं अंतर होतं. समोरून येणाऱ्या वाघाचं नाक झळझळीत आणि डोळे मंद, असे जे असंख्य फोटो निघतात त्यांचं कारण हे. शिवाय हे आकडे हातात धरून पाहायच्या लहान छापील फोटोसाठी बांधलेल्या जुन्या सूत्रातून आलेत. शंभर टक्के मोठं करून बघणाऱ्याच्या नजरेला त्यातला निम्मा भागही धड वाटत नाही.

ताडोबात हा प्रसंग रोजचा आहे, कारण इथले वाघ रस्त्यानेच चालतात. जंगलात हिंडण्यापेक्षा धुळीचा मऊ रस्ता पायाला बरा. वाघ समोरून येतो, ड्रायव्हर गाडी मागे मागे घेतो, सहाही पर्यटक उभे. याला ‘हेड-ऑन’ म्हणतात आणि ताडोबात येणाऱ्या निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. गाडी खड्ड्यांतून रिव्हर्समध्ये चाललेली, इंजिन थरथरतंय, वाघ सेकंदाला मीटरभर जवळ येतोय. इथे एफ/५.६चा एफ/८ करावा आणि शटर १/१००० च्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी आयएसओ चढला तर चढू द्यावा. पण सर्वांत जास्त फरक ड्रायव्हरने पडतो. चांगला ड्रायव्हर वाघाच्या चालीने मागे जात राहत नाही. तो एकदम लांब मागे जाऊन इंजिन बंद करतो. मग नऊ-दहा सेकंद मिळतात, गाडी दगडासारखी स्थिर, वाघ तीस मीटरवरून वीसवर येतोय. फोटो त्या दहा सेकंदांत होतो. बाकी सगळी पळापळ.

“सगळे बसून घ्या ना भाऊ,” मोहर्लीच्या एक गाइडताई प्रत्येक साइटिंगला हेच वाक्य म्हणताना मी ऐकलंय. “एक जण इकडून तिकडं झाला का अख्खी गाडी हालते. मग म्हणता, ताई, फोटो हालला.” त्यांच्याकडे कॅमेरा नाही. जिप्सीचं सस्पेंशन मात्र त्यांना कुठल्याही मॅन्युअलपेक्षा चांगलं कळतं.

लेन्स टेकवायला ट्रायपॉड जिप्सीत चालत नाही, जागाच नसते. बीन बॅग लागते. विमानाने येणारे ती रिकामी आणतात आणि चंद्रपुरात किराणा दुकानातून तांदूळ भरून घेतात. हा तांदळाचा मुलूख आहे, भरणीला माल कमी पडत नाही, आणि परत जाताना ते तांदूळ रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात देता येतात. पिशवी गच्च भरू नये, जरा सैल ठेवली तर लेन्स तिच्यात बसते. लेन्समधली स्टॅबिलायझेशनची यंत्रणा हाताचा कंप खाते, पण चालू इंजिनाची बारीक थरथर तिला नीट पेलत नाही, आणि शेजारच्याने बॅगेची चेन ओढली तर तिचाही काही इलाज नाही.

*

शटरबद्दल एक जुना नियम अजून सांगितला जातो : जेवढी लेन्स तेवढा शटर, म्हणजे ५०० मिलिमीटरला १/५००. हा नियम हात हलण्यासाठी होता. वाघ हलतो याचा त्यात विचार नाही.

सावकाश चालणारा वाघ ताशी चारेक किलोमीटरने जातो, सेकंदाला १.१ मीटर. तो २० मीटरवरून आपल्यासमोरून आडवा चाललाय आणि आपण १/५०० ने फोटो घेतला. तेवढ्यात वाघ दोनच मिलिमीटर सरकतो. पण ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून ते सरकणं ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर उतरतं तेव्हा डझनभर पिक्सेल ओलांडतं. आपण लेन्स वाघाबरोबर फिरवत असल्यामुळे धड आणि डोकं बरंचसं वाचतं. पाय वाचत नाहीत. टेकलेला पंजा जमिनीला चिकटून असतो आणि उचललेला पंजा धडाच्या दुपटीहून जास्त वेगाने पुढे येतो. लेन्स दोघांबरोबर एकाच वेळी फिरू शकत नाही. १/२००० ला तोच डाग तीनेक पिक्सेलचा होतो, आणि पानभर छापलेल्या फोटोत तीन पिक्सेल कुणाच्या बापाला दिसत नाहीत. त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं : आडव्या चालणाऱ्या वाघाला १/१०००, उजेड असेल तर १/१६००, धावणाऱ्या, पाण्यात उडी मारणाऱ्या किंवा भांडणाऱ्याला १/२५०० आणि त्यावर. बसलेल्याला, बीन बॅग असेल तर, १/२५० पुरतो. त्याहून खाली उतरायचं तर त्याच्या कानांकडे बघावं. माशा असल्या की कान एक क्षण स्वस्थ नसतात.

हे तिन्ही आकडे कॅमेऱ्याच्या डायलवरच्या तीन मोकळ्या खुणांमध्ये आधी बसवून ठेवावेत, गेटच्या बाहेर. वाघ दिसल्यावर माणसाची बोटं काय करतात ते मी पाहिलंय, स्वतःचीसुद्धा. सांबराचा कॉल आला, गाइड म्हणाला “मूव्हमेंट आहे”, की त्यापुढे कुणालाही मेनूत शिरता येत नाही.

राहिला आयएसओ, ज्याला लोक विनाकारण घाबरतात. फिल्मच्या डब्यावर छापलेला जुना हिशेब असा की भर उन्हात आयएसओ १०० ला, एफ/१६ ला, शटर १/१०० च्या आसपास येतो. त्याच उन्हात एफ/५.६ वर १/५०० हवा असेल तर आयएसओ ६४ पुरे. पण वाघ भर उन्हात कशाला येईल? पहाटे बांबूच्या सावलीत उजेड याच्या साठ-सत्तराव्या हिश्शाइतका असतो, कधी त्याहूनही कमी. तिथे आयएसओ ४०००, नाहीतर ८०००. त्यात चूक काहीच नाही, ते त्या जागेचं आणि त्या वेळेचं मोजमाप आहे. आयएसओ ८०० वर अडून बसणाऱ्याचा शटर १/१०० ला येतो आणि त्याचा वाघ वाहून जातो. दाणेदार फोटो गेल्या तीन-चार वर्षांतल्या सॉफ्टवेअरने पुष्कळ साफ करता येतो. हललेला फोटो कुणी सरळ करत नाही, केला तर पट्टे खोटे दिसतात. शटर आणि अ‍ॅपर्चर आपल्या हातात ठेवावेत, आयएसओ ऑटोवर सोडावा आणि एका अंगठ्याने एक्स्पोजर कमी-जास्त करत राहावं, ही पद्धत आता जवळजवळ सगळ्यांनी स्वीकारली आहे आणि ती बरोबर आहे.

दहा लाखांच्या पुढची ६०० मिलिमीटर एफ/४ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स इथे नेमकं काय देते? एफ/६.३च्या झूमपेक्षा सव्वा-दीड स्टॉप. म्हणजे जिथे झूमवाल्याला आयएसओ ६४०० लागतो, तिथे यांना २५००. मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी पसरते, हेही आहेच. बाकी भर उजेडात २० मीटरवरच्या वाघाच्या डोळ्यात या दोन लेन्सचा फरक शोधायचा तर भिंगच घेऊन बसावं लागेल. शिवाय ती जवळ आलेल्या वाघाला मागे ढकलू शकत नाही. झूमवाला आकसून १८० वर येतो. प्राइमवाल्याला एक कान आणि अर्धी मिशी मिळते.

*

या सगळ्याआधी लोक काय करत होते, हे आठवलं की आपल्या तक्रारींची लाज वाटते. संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणली, तिला कॅमेरा आणि फ्लॅशची दारू जोडली आणि वाघालाच स्वतःचा फोटो काढायला लावलं. ते फोटो ऑक्टोबर १९२५ मध्ये लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आले आणि दोन वर्षांनी त्यांचं पुस्तक निघालं. रानातल्या मोकळ्या वाघाचे ते पहिले धड फोटो. त्यांच्यावरून स्फूर्ती घेऊन जिम कॉर्बेटनेही बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला, तोही चित्रपटाचा. त्याची अडचण वेगळीच होती. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ निघून जायचे. तेव्हा त्याने ओढ्याला छोटे बांध घालून धबधबे केले, की पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडावा. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांचा शटर मुकाट चालतो. तरी सहा जुन्या कॅमेऱ्यांची तडतड एकदम सुरू झाली की वाघिणीचे कान कसे मागे वळतात, हे जिप्सीतला प्रत्येक जण बघतो आणि बोट काही काढत नाही.

मिररलेसने दुसरी सोय दिली ती डोळा ओळखण्याची. सोनीने २०१९ मध्ये, कॅननने ‘आर ५’बरोबर २०२० मध्ये आणि निकॉनने २०२१ च्या ‘झेड ९’मध्ये ती रुळवली. गंमत अशी की सुरुवातीला या यंत्रणा मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी म्हणून जाहीर झाल्या होत्या, आणि त्या वाघाला बिनदिक्कत मांजर समजल्या. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चूक काहीच नाही. फरक बाहुलीत आहे. घरच्या मांजराची बाहुली उन्हात उभी चीर होते, वाघाची गोलच राहते. ज्या फोटोत ही गोल बाहुली आणि तिच्यावर पडलेला आभाळाचा ठिपका वेगवेगळे दिसतात, तो फोटो शार्प. एवढी सोपी कसोटी दुसरी नाही.

पण ताडोबा म्हणजे साग आणि बांबू. उघड्या रस्त्यावर डोळा बिनचूक पकडणारा कॅमेरा बांबूच्या बेटात शिरला की गोंधळतो. वाघ आत आहे, समोर तीन काटक्या आडव्या आहेत, आणि फोकस हट्टाने काटकीवर येऊन बसतो. तेव्हा ती हुशारी बंद करून एकच छोटा चौकोन निवडावा आणि काटक्यांच्या फटीतून गालावर किंवा कपाळावर ठेवावा; तिथे काळ्या-पांढऱ्याचा भेद इतका तीव्र असतो की कॅमेऱ्याला पकड मिळते. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर ठेवणारे लोक इथे जिंकतात. एकदा पकडला, अंगठा सोडला, आता पान हललं तरी फोकस जागचा हलत नाही. पाण्यात बसलेल्या वाघाबाबतही सावध असावं, कधी कधी चौकोन प्रतिबिंबातल्या चेहऱ्यावर जाऊन बसतो आणि खालचा वाघ शार्प, वरचा सॉफ्ट, असा फोटो घेऊन माणूस घरी येतो.

उजेडाचं मोजमापही जनावराप्रमाणे बदलतं. वाघाच्या गालावरचे आणि भुवयांवरचे पांढरे केस उन्हात पटकन जळतात, आणि जळलेल्या पांढऱ्यात बारीक केस राहत नाहीत; तो भाग सॉफ्टच दिसतो, फोकस कितीही नेमका असला तरी. म्हणून उन्हातल्या वाघाला पाव-अर्धा स्टॉप कमी द्यावा. झाडावर चढलेल्या बिबट्याच्या मागे आभाळ असतं, तिथे उलट एखादा स्टॉप वाढवावा लागतो. आणि २०१८च्या उन्हाळ्यात ताडोबात पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आला तसा काळा बिबट्या कुणाच्या नशिबी आलाच, तर कॅमेरा त्याला करडा करायला बघेल. एक स्टॉप खाली ओढावा.

धुळीबद्दल फार सांगत नाही. गाडीत लेन्स बदलायची नाही, कॅमेऱ्यावर ओला करून पिळलेला पंचा टाकायचा, संपलं.

*

शार्प फोटोची गरज आपल्या टेबलाहून कितीतरी जास्त असलेली माणसंही याच जंगलात काम करतात. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आणि त्याच वाघाची डावी बाजू उजव्यासारखी नसते. म्हणून गणनेचे कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही अंगांना जोडीने लावतात. नागरहोळेत उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत वाघांच्या संख्येच्या अंदाजासाठी बसवली. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांतले वाघांचे होते ७६,६५१. ते फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. पण फासळ्यांवरचे पट्टे वाचता आले नाहीत तर तो वाघ मोजता येत नाही, आणि उद्या कुठे कातडं पकडलं गेलं तर ते कोणत्या जंगलातलं हे सांगता येत नाही. इथे शार्प म्हणजे पुरावा. डोळा मिटलेला असला तरी चालतो.

एक विचित्र गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. पांढरपौनीची माया ही ताडोबातली बहुधा सगळ्यात जास्त फोटो निघालेली वाघीण. तिच्या अंगावरचा प्रत्येक पट्टा हजारो हार्ड डिस्कवर आहे. २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाली, पुढे रानात हाडं सापडली, आणि ती मायाचीच हे डीएनए तपासणीवरून ठरवावं लागलं. हाडांवर पट्टे नसतात.

गेल्या काही वर्षांत मार्जारकुळातल्या प्राण्यांचे जे फोटो जगभर गाजले, त्यांतल्या बऱ्याच फोटोंच्या वेळी कॅमेऱ्यामागे माणूस नव्हताच. स्टीव्ह विंटर यांचा बर्फात चालणारा लडाखचा हिमबिबट्या, सर्गेई गोर्शकोव्ह यांची झाडाला मिठी मारणारी सैबेरियन वाघीण, हे सगळे ट्रॅपचे. आपल्या नयन खानोलकरांना २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं, ते मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वारली पाड्याच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोला. फ्लॅश पाड्यातल्या दिव्यांसारखे मिणमिणते बसवलेले, आणि मग महिनोन् महिने वाट पाहणं. ही चॅम्पियनचीच तार आहे. फोकस आधी ठरलेला, उजेड आधी ठरलेला, अंतर आधी ठरलेलं. जनावर तेवढं यायचं बाकी. जिप्सीत बसलेल्याला एवढं सगळं ठरवता येत नाही, पण जेवढं ठरवता येतं तेवढंही आपण ठरवत नाही.

आणि जे ठरवू नये ते ठरवायला जातो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडून गाड्यांनी अडवले. व्हिडिओ पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते दृश्य बघताना माझ्या डोक्यात रागाबरोबर एक निव्वळ धंदेवाईक प्रश्नही होता : तिथून काय निघालं असेल? वरून खाली पाहणारा कोन, मागे चाकं, गाडीतली माणसं उभी आणि एकमेकांना ढकलणारी, अंतर इतकं कमी की डोळ्यावर फोकस असला तर नाक नाही. वीस मीटर मागे उभी असलेली एखादी शहाणी गाडी तिथे असती, तर फोटो तिच्यातल्या माणसाला मिळाला असता.

मे महिन्याचा हट्ट सोडायची कुणाची तयारी असेल तर शेवटी एक सुचवणं. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, पण आगरझरी, देवाडा, जुनोना या बाजूंच्या बफरमध्ये गाड्या जातात. वाघ कमी दिसतो, हे आधीच सांगून टाकतो. गवत खांद्याला लागतं. उजेडही कमी, आयएसओ ६४०० च्या खाली फारसं येत नाही. पण पावसाने हवा धुतलेली असते. जमीन थंड, धूळ नाही, वाफ नाही, ढगांमुळे पांढरे केस जळत नाहीत, आणि भिजलेल्या पट्ट्यांचा काळा रंग उन्हाळ्यात कधीच दिसत नाही इतका गडद असतो. तिथे शंभर मीटरवरचा वाघही सरळ येतो, पट्टा पट्ट्याच्या जागी. लेन्सच्या हूडला शॉवर कॅप, पायाशी छत्री, खिशात दोन कोरडे रुमाल एवढी तयारी लागते. ज्या झूमला उन्हाळ्यात ‘सॉफ्ट’ म्हणून विकायला काढलंय, ती विकण्याआधी एकदा जुलैत बफरमध्ये नेऊन बघावी.